दहा गुणांची चूक

“आता चूक,” मी म्हणालो.

काजल तारळेकरनं माउस हातात घेतला, घंटेचं चित्र असलेला पिवळा ठोकळा उचलला आणि जिथं ठेवायचा नव्हता तिथं नेऊन ठेवला. पडद्यावरची टाकी भरायला लागायच्या आधीच घंटा वाजली. ठरल्याप्रमाणे ओंकार आणि तौफिक “अरेरे” म्हणाले. ठरल्याप्रमाणे ऋतुजानं कपाळाला आठ्या घातल्या, मनातल्या मनात तीन आकडे मोजले आणि म्हणाली, “थांबा. आपण सगळे मिळून विचार करूया.”

“छान,” मी म्हणालो. “फक्त काजल, तू जरा सावकाश चूक. एकदम चुकतेस. विचार करता करता चुकलीस असं दिसलं पाहिजे.”

“सर, पण मी चूक कशाला करायची? मला येतंय की.”

“अगं, त्याला दहा गुण आहेत.”

“चुकीला?”

“चुकीला.”

चौघांनी एकमेकांकडं पाहिलं. आठ वर्षं शाळेत काढलेली मुलं ती. चुकीचे गुण कापतात एवढं तरी शाळेनं त्यांना नीट शिकवलं होतं, आणि आता त्याच शाळेचा एक मास्तर चुकीला गुण देतो म्हणत होता. काजलनं पिवळा ठोकळा परत काढून घेतला. “बरं,” ती म्हणाली, “परत करते,” आणि खरोखरच पहिल्यापेक्षा सुंदर चुकली.

या गोष्टीला आता सोळा वर्षं झाली. नांदणगाव तेव्हाही मागांचंच गाव होतं. गावात माणसं किती हे ग्रामपंचायतीला विचारावं लागे, यंत्रमाग किती ते शेंबडं पोरही सांगे. आमची शाळा दोन माग-कारखान्यांच्या मधोमध. दिवसभर दोन्ही भिंतींतून खटखट यायची, त्यामुळे आमच्याकडचे सगळे शिक्षक ओरडून शिकवायचे, आणि लाईट जाऊन माग बंद पडले की त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू येऊन लाजल्यासारखं व्हायचं. मी त्या शाळेत तीन वर्षं तासिका तत्त्वावर होतो. तासिका तत्त्व म्हणजे शिक्षक आहे, पण नाही. हजेरीपटावर नाव पेन्सिलनं लिहितात आणि स्टाफरूममध्ये खुर्ची कुणी रजेवर असेल तर मिळते. घरी माझं लग्न ठरल्यात जमा होतं. मुलीच्या वडिलांचं एवढंच म्हणणं होतं, की कायम नेमणुकीचा हुकूम हातात पडू दे, मग तारीख धरू.

हुकूम पडायचा मार्ग पुण्याहून आला. तिथल्या एका संस्थेनं आमच्या शाळेला आणि शेजारच्या गावातल्या एका शाळेला सहा-सहा कॉम्प्युटर दिले होते, एका वर्षाच्या बोलीवर. वर्षाअखेरीला त्यांची माणसं येऊन पाठ बघणार, ज्या शाळेचा पाठ चांगला तिथं कायमची प्रयोगशाळा होणार आणि एक पूर्णवेळ शिक्षक नेमला जाणार. हरलेल्या शाळेचे कॉम्प्युटर उचलून जिंकलेल्या शाळेत नेणार. आमचे मुख्याध्यापक मगदूम सर यांनी मला बोलावून हे सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, “कारदगे, लॅब आली तर तुम्ही. गेली तर तुम्हीपण गेलात.” माणूस मोजकं बोलणारा होता.

प्रकल्पाचं नाव होतं ‘सहयोगातून समस्या-निराकरण’. म्हणजे काय, हे मगदूम सरांनी मला विचारलं आणि मी त्यांना समजावून सांगितलं. त्यामुळे ते दोघांनाही कळलं नाही. प्रत्यक्षात गोष्ट सोपी होती. पडद्यावर रंगीत ठोकळे असायचे, प्रत्येकावर एकेक आज्ञा: चाल, थांब, दहा वेळा कर, जर असं असेल तर तसं कर. ते ठोकळे माउसनं ओढून एकमेकांत अडकवायचे, की पडद्यावरचं चित्र त्या हुकमाप्रमाणे सगळं करून दाखवायचं. चार-चार मुलांनी मिळून एक अडचण शोधायची, तिचे तुकडे पाडायचे आणि ठोकळे जोडून ती सोडवायची. सोबत आलेल्या मार्गदर्शिकेत जाड अक्षरांत छापलं होतं, ‘शिक्षकाने कमीत कमी बोलावे.’ हे वाक्य लिहिणाऱ्यानं मराठी शाळा आतून बघितलेली नव्हती.

पहिल्या दिवशी मी प्रामाणिकपणे सुरुवात केली. आठवीच्या बावन्न मुलांना विचारलं, “आपल्या शाळेत काय काय अडचणी आहेत?” मुलांनीही प्रामाणिकपणे सांगितलं. मुतारीला दार नाही. इंग्रजीचे सर तासाला झोपतात. मगदूम सर कान पिळतात. फळा अर्धा भरल्यावर माझ्या लक्षात आलं, की समस्या-निराकरण म्हणजे आधी फळा पुसणं. पुसला. मग सांगितलं, की अडचण अशी हवी जी ठोकळ्यांत मावेल. शेवटी पाण्याची टाकी ठरली. नळाला पाणी दिवसाआड तासभर यायचं, टाकी भरून वाहायची आणि ते पाणी स्टाफरूममध्ये शिरायचं. शाळेतली ही एकमेव अडचण होती जिच्यामुळे शिक्षकांचे पाय ओले होत, त्यामुळे ती सर्वानुमते मंजूर झाली.

पुढचे तीन आठवडे खोलीत काय चाललं होतं ते सांगणं कठीण आहे. एका माउसवर चार हात. एकाचा ठोकळा दुसरा काढी, दुसऱ्याचा तिसरा. कुणाची टाकी उलटी भरे, कुणाचा नळ पडद्यावरून चालत निघून जाई. मगदूम सर दारात उभे राहून म्हणाले, “कारदगे, आठवडा-बाजार सोमवारी असतो आपल्यात.”

एकच कॉम्प्युटर शांत होता, शेवटचा. तिथं काजल होती. काजलचे वडील जॉबर, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे, आणि आई वहिफणीच्या कामाला जायची. नव्या सुताचा बीम, म्हणजे सूत गुंडाळलेला रूळ, मागावर चढवताना त्यातला एकेक धागा आधी वहीतून, म्हणजे चौकटीत ताणलेल्या तारांच्या डोळ्यांतून, आणि मग फणीतून ओढून घ्यावा लागतो; हजारो धागे असतात आणि एक जरी चुकला तरी चूक शेवटपर्यंत कापडात धावते. म्हणून हे काम दोघंजण करतात. एकानं मागून धागा द्यायचा, दुसऱ्यानं आकडीनं ओढायचा. देणारा ओढत नाही, ओढणारा देत नाही. काजलनं आपल्या गटात हेच लावलं होतं. एकजण नुसता सांगणार, एकजण नुसता ठेवणार, तिसरा मोठ्यानं मोजणार, चौथा फक्त चूक बघणार. चूक सापडली की मधेच ठिगळ नाही. तिथपासून पुढचे सगळे ठोकळे काढायचे आणि परत लावायचे. दर थोड्या वेळानं कामं बदलायची.

मी ते बघितलं आणि मोडून काढलं. मार्गदर्शिकेत ‘प्रत्येकाचा एकाच वेळी सक्रिय सहभाग’ असं छापलेलं होतं आणि इथं तर एकाच्याच हातात माउस. “हा काय कारखाना आहे?” असं मी तिला विचारल्याचं मला आठवतं. बाहेर दोन्ही बाजूंनी खटखट चालू होती.

वर्ष सरत आलं तसं पुण्याहून पत्र आलं. येत्या गुरुवारी डॉ. लिमये मॅडम पाठ बघायला येणार. सोबत गुणपत्रिका जोडली होती, शंभर गुणांची. समस्येची मांडणी वीस, गटकार्य तीस, आणखी असंच काय काय, आणि सगळ्यात खाली ‘चुकांतून शिकणे – दहा’.

रविवारी मी बंद शाळेत बसून एकट्यानं सहयोग केला. टाकी, नळ, घंटा, सगळे ठोकळे स्वतः जोडले. भरली की नळ बंद होऊन घंटा वाजायची आणि पडद्यावर फुलांच्या वेलबुट्टीत ‘टाकी भरली!’ असं यायचं. वेलबुट्टीला दोन तास गेले. मग त्याचे चार तुकडे केले आणि चार मुलांना पाठ करायला दिले. कोण कोणता ठोकळा ठेवणार, कोण काय विचारणार, कुणाला केव्हा सुचणार, हे सगळं वहीत लिहून काढलं. आदर्श पाठ आमच्याकडं असेच बसवतात; मी काही नवीन शोध लावला नव्हता. नवीन एवढंच होतं, की दहा गुणांसाठी एक चूकही बसवली होती.

मगदूम सरांनी वही बघितली. त्यांनी विचारलेला प्रश्न एकच. “चूक कुणाकडं दिलीय?”

“अजून ठरवलं नाही. ऋतुजा अभिनय चांगला करते.”

“ऋतुजा?” त्यांनी चष्मा काढला. “अहो, आपल्या चेअरमनसाहेबांची पुतणी ती. साहेब स्वतः येणार आहेत पाठाला. त्यांच्यासमोर तिच्याकडनं चूक करून घेता? तिच्याकडं दुरुस्ती द्या.”

“मग काजलकडं देतो. काजल तारळेकर.”

“जॉबरची?” त्यांनी चष्मा परत चढवला. “चालंल की.”

आणि मलाही ते चाललं. सगळ्यांत हुशार मुलगी ती होती, म्हणून सगळ्यांत सफाईदार चूक तीच करील, असं मी स्वतःला सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण तारळेकरची पोर चुकली तर बघणाऱ्याला नवल वाटणार नाही, हेही मला ठाऊक होतं, आणि तेच मला सोयीचं होतं. हे मात्र मी स्वतःला सांगितलं नाही.

गुरुवारी शाळेच्या दारात कॉम्प्युटरची रांगोळी काढली होती. माउसची शेपटी पायरीपर्यंत आली होती. लिमये मॅडम रिक्षातून उतरल्या, पाठीला पिशवी, पायात साध्या चपला. मगदूम सर हार घेऊन पुढं झाले तर म्हणाल्या, “तो राहू द्या, आधी मुलांना भेटते.” हार घेऊन सर तसेच मागून चालत राहिले. चेअरमनसाहेब खुर्चीवर बसले. मॅडम मुलांच्या बाकावर बसल्या, त्यामुळे साहेबांनाही थोड्या वेळानं उठून उभं राहावं लागलं.

पाठ अतिशय सुंदर झाला. ऋतुजानं अडचण मांडली. तौफिकनं तिचे तुकडे पाडले. ओंकारला मधेच सुचलं. काजल माउस घेऊन थोडी थांबली, खालचा ओठ दातांत धरला, आणि विचार करता करता चुकली. टाकी रिकामी असताना घंटा वाजली. “अरेरे,” दोघे म्हणाले. ऋतुजानं तीन आकडे मोजले. सगळ्यांनी मिळून विचार केला, ठोकळा योग्य जागी गेला, टाकी भरली, नळ बंद झाला, घंटा वाजली, वेलबुट्टी उमटली. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मॅडम कागदावर लिहीत होत्या. मी उलटीकडून वाचायचा प्रयत्न केला. ‘चुकांतून’ या ओळीपुढं त्यांनी दहा लिहिले होते.

माझ्या डोक्यात लग्नाच्या पत्रिकेचा मजकूर सुरू झाला.

“छान,” मॅडम म्हणाल्या. “आता मला एक सांगा. तुमच्याकडे पाणी तासभर सलग येतं का?”

“न्हाई बाई,” तौफिक म्हणाला. हे वहीत नव्हतं, पण त्याला राहवलं नाही. “मधीच जातंय. परत येतंय.”

“मग या टाकीचं काय होईल?” असं म्हणून त्यांनी स्वतःच माउस घेतला, टाकी भरत असताना पडद्यावरच्या नळावर टिचकी मारून पाणी बंद केलं आणि बघत बसल्या. पाणी अर्ध्यावर थांबलं. थोड्या वेळानं घंटा वाजली. अर्ध्या टाकीवर फुलंबिलं येऊन ‘टाकी भरली!’ असं झळकलं.

साहेबांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. वेल उमटली की टाळ्या, एवढं त्यांच्या लक्षात राहिलं होतं.

चूक माझी होती, खरीखुरी, रविवारी दुपारी स्वतःच्या हातानं केलेली. चारही मुलं माझ्याकडं बघू लागली, कारण पुढचं संवादाचं पान माझ्याकडं होतं. ते कोरं होतं. शेवटी ऋतुजाला येत होतं ते तिनं केलं. “थांबा,” ती म्हणाली, “आपण सगळे मिळून विचार करूया.”

“करा ना,” मॅडम म्हणाल्या.

मी पुढं सरकलो. “मॅडम, ते जरा तांत्रिक आहे, मी दाखवतो...”

“सर, तुम्ही बसा.”

मी बसलो. बसल्यावर कळलं, की खुर्चीवर मगदूम सरांनी हार ठेवलेला होता.

काजल पडद्याच्या अगदी जवळ गेली. ठोकळ्यांवरून बोट फिरवत वरून खाली आली. मग एका ठोकळ्यावर बोट ठेवून म्हणाली, “हे वीस अंक कशाचे मोजतंय?”

“पाण्याचे,” ऋतुजा म्हणाली.

“पाण्याचे न्हाई. नुसतेच मोजतंय.” ती तौफिककडं वळली. “आपल्या मागाला मीटरचं घड्याळ असतंय बघ. लाईट गेली, माग थांबला, की घड्याळ बी थांबतंय. कारण ते मागाला जोडलेलं असतंय. हे भिंतीवरच्या घड्याळागत झालंय. पाणी असू दे, नसू दे, पळतंय आपलं.”

तौफिकचे वडील माग चालवायचे. त्याला लगेच कळलं. “मग नळाला जोडायला पायजे.”

“तेच. ऋतुजा, तू मागनं सांग. तौफिक, तू नुसतं ठेव. ओंकार, मोज. हात कुणी मधी घालायचा न्हाई.” मी मोडून काढलेलं सगळं तिनं अर्ध्या मिनिटात परत उभं केलं. “आता ह्याच्यापासनं खालचं सगळं काढ.”

“सगळं?” ओंकार म्हणाला. “वेल पण?”

“वेल पण.”

माझे दोन तास बाजूला काढून ठेवले गेले. ऋतुजा ठोकळा सांगायची, तौफिक ठेवायचा, ओंकार आकडा म्हणायचा. ऋतुजाच्या आवाजात आता अभिनय नव्हता. तिला मी इतक्या दिवसांत असं साधं बोलताना ऐकलं नव्हतं. मोजण्याचा ठोकळा ‘जर नळ चालू असेल तर’ या ठोकळ्याच्या पोटात गेला. मधे एकदा चुकलेही, तौफिकनं दुसराच ठोकळा ठेवला, आणि कुणीही “अरेरे” म्हटलं नाही. काढला आणि परत ठेवला.

मॅडमनी पाणी बंद केलं. टाकी अर्ध्यावर थांबली. आम्ही सगळे घंटेची वाट बघत होतो आणि घंटा वाजली नाही. मॅडमनी पाणी सोडलं, टाकी काठोकाठ भरली आणि मगच वाजली. साहेबांनी या वेळी टाळ्या वाजवल्या नाहीत. वेल नव्हती ना.

मला आनंद झाला. हे लिहून ठेवतो, कारण पुढं जे झालं त्यात ते हरवून जाईल. दोन-तीन मिनिटं मला खराखुरा आनंद झाला होता, माझा हुकूम, लग्न, सगळं विसरून.

लिमये मॅडम मात्र हसत नव्हत्या. त्या काजलकडं बघत होत्या आणि मग आपल्या कागदाकडं.

“काजल ना तू? मघाशी घंटेचा ठोकळा टाकी भरण्याच्या आधी तूच ठेवला होतास.”

“हो.”

“जिला आत्ता हे कळलं, तिला मघाशी ते कळलं नाही?”

काजलनं माझ्याकडं पाहिलं. चौघांनी पाहिलं. मगदूम सरांनी पाहिलं, आणि त्यांच्या बघण्याचा अर्थ मला शब्दन् शब्द कळला.

“सर,” मॅडम शांतपणे म्हणाल्या, “ती चूक ठरवून करून घेतली होती का? तसं असेल तर सांगा. मला राग नाही येणार. फक्त माहीत असायला हवं, कारण मग मी आधीचं काहीच धरू शकत नाही, नंतरचं तेवढं धरीन.”

आज या प्रश्नाचं उत्तर मला शंभर प्रकारांनी देता येतं. ‘हो’ हा त्यातला सगळ्यात छोटा प्रकार. नंतरचं तेवढं धरलं असतं तरी कदाचित पुरलं असतं. कुणी सांगावं, जास्तच पुरलं असतं. पण कदाचितवर लग्नाची तारीख धरत नाहीत. तीन वर्षं पेन्सिलनं लिहिलेला माणूस अशा वेळी फार वेगानं विचार करतो.

“छे छे, मॅडम,” मी म्हणालो. “ठरवून कसली? त्याचं काय आहे, ही मुलगी अंदाजानं करते. कधी लागतं, कधी चुकतं. मागांच्या घरातली मुलं, बघून बघून काही गोष्टी जमतात त्यांना. बाकी पाया जरा कच्चा आहे.”

ऋतुजानं मान खाली घातली, चेअरमनसाहेबांच्या पुतणीनं. तिला कुणी तसं शिकवलेलं नव्हतं. तौफिक काहीतरी बोलणार होता. काजलनं त्याच्या मनगटावर हात ठेवला.

“हो बाई,” ती म्हणाली. “अंदाजानंच केलं.”

मॅडमनी तिच्याकडं पाहिलं. मग टोपण काढून एक ओळ लिहिली. ती मला उलटीकडून वाचता आली नाही.

पंधरा दिवसांनी अहवाल आला. मगदूम सरांनी तो परिपाठाच्या वेळी, सगळ्या शाळेसमोर, माईकवरून वाचला. शाळेची निवड झाली होती. ‘मुलांना चुका करू देणारे, संयमी शिक्षक’ असा माझा उल्लेख होता. ‘गटातील कच्च्या मुलांनाही सामावून घेतले जाते’ अशीही एक ओळ होती, आणि त्या ओळीला आठवीच्या रांगेतली पोरं मागं वळून काजलकडं बघायला लागली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काजलनंही वाजवल्या, मला माईकशेजारून नीट दिसत होतं. आता मी जिल्ह्यातल्या शिक्षकांना याच विषयाचं प्रशिक्षण देतो आणि तो अहवाल पडद्यावर दाखवतो. ती ओळ सोडून.

माझा हुकूम त्याच दिवशी निघाला. चेअरमनसाहेबांच्या सहीचा, गोल शिक्क्याचा. मधल्या सुट्टीत तो पाकिटात घालून मी ऑफिसातून बाहेर पडलो, तर काजल जिन्याजवळ उभी होती. डबा खाऊन झाला असावा, हात ओले होते. मी तिच्यासाठी एक वाक्य तयार केलं होतं. ‘शाबास’नं सुरू होणारं होतं. ते म्हणण्याआधी तिनंच विचारलं.

“सर, त्या बाईंना खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं?”

“लॅब गेली असती,” मी म्हणालो. “बहुतेक.”

“शेजारच्या गावाला?”

“हो.”

“आणि तुम्ही?”

“मीपण गेलो असतो.”

तिनं ते मनाशी नीट लावून बघितलं. ओले हात ड्रेसला पुसले.

“मग बरं केलं मी,” ती म्हणाली.

मी “हो” म्हणालो. ती जरा थांबली, पुढं अजून काही येईल म्हणून असावं. पुढं काही आलं नाही. मग ती जिना चढून वर्गात गेली आणि मी हुकुमाच्या दोन झेरॉक्स काढून आणायला गेलो.